स्टिकरखालचा लॉट नंबर

रक्त-लघवीच्या तपासणीला लागणाऱ्या, परदेशातून येणाऱ्या रिएजंटच्या खोक्यावर लॉट नंबरची जागा ठरलेली असते. खोक्याच्या अरुंद बाजूला वर कॅटलॉग नंबर, त्याखाली लॉट, त्याखाली वाळूच्या घड्याळाचं चिन्ह आणि चिन्हापुढे मुदत संपण्याची तारीख. ही चिन्हं जगभर सारखी आहेत. खोकं जर्मनीचं असो, जपानचं असो की चीनचं, आमच्या गोडाउनमधला पोरगा ते एका नजरेत वाचतो. माल भारतात उतरला की त्यावर आयातदाराचं स्टिकर लागतं. त्यात आयातदाराचं नाव, पत्ता, आयात परवान्याचा क्रमांक, एमआरपी. स्टिकर लागलंच पाहिजे, कायद्यानं ते सांगितलेलं आहे आणि ते योग्यच आहे. माझी तक्रार जागेची आहे. खोक्याला सहा बाजू असतात, त्यांतल्या निदान दोन कोऱ्या असतात, आणि स्टिकर नेमकं लॉट नंबरवर लावतात.

लॉट नंबर दिसला नाही की आमचं बिल बनत नाही, कारण बिलावर लॉट आणि मुदत दोन्ही लिहावे लागतात. लॅबलाही तो लागतो. लॉट बदलला की मशीनचं कॅलिब्रेशन पुन्हा करायचं, कंट्रोल लावायचा, नोंद ठेवायची. एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासायला येणारे परीक्षक अशा नोंदी मागून घेतात. तेव्हा स्टिकर उचलावं लागतं. नखानं उचललं तर खालची छपाई त्याच्याबरोबर निघून येते. हेअर ड्रायरनं गरम केलं तर गोंद सुटतो, पण आत २ ते ८ अंशांत ठेवायचा माल असतो, त्यावर गरम हवा कशी मारणार? खोकं उघडून आतल्या बाटलीवरचा लॉट वाचला तर सील तुटतं, आणि मग डॉक्टर विचारतात, "भाऊ, हे आधी कोणी फोडलं?" त्यांचं विचारणं रास्त आहे. पेशंटच्या रिपोर्टवर सही त्यांची असते.

हे मी पुरवठादाराला लिहिलं, सोबत फोटो जोडले: एक स्टिकर लागलेल्या बाजूचा, एक कोऱ्या बाजूचा. सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे असं उत्तर आलं. पुढच्या खेपेला स्टिकर अर्धा इंच खाली आलं होतं. आता लॉट दिसतो आणि मुदतीची तारीख झाकली जाते.

आमच्या धंद्याला इकडे 'रिएजंटची लाइन' म्हणतात. रक्त-लघवी तपासायची मशीन, त्यांना लागणारी रिएजंट, कंट्रोल, कॅलिब्रेटर, रॅपिड कार्ड, एलायझा किट, ट्यूब, सुटे भाग. रॅपिड कार्ड आणि बायोकेमिस्ट्रीची बरीच रिएजंट आता गोवा, सुरत, वापी, केरळ इथं बनतात आणि चांगली बनतात. पण फाइव्ह-पार्ट सेल काउंटर, हार्मोनच्या तपासणीची मशीन, एचबीए१सी आणि सिकलसेलसाठी लागणारी एचपीएलसी आणि या सगळ्यांचे कंट्रोल अजून मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात. कंपन्यांची भारतातली कार्यालयं मुंबईला नाही तर गुरुग्रामला, त्यांचं गोडाउन बहुधा भिवंडीला, तिथून माल आमच्याकडे. काही सुटे भाग, म्हणजे दिवे, पंपाच्या नळ्या, क्युव्हेट, आम्ही थेट परदेशातून मागवतो. अमरावतीच्या राजापेठेतल्या आणि अकोल्याच्या रामदासपेठेतल्या मोठ्या लॅब आमच्या गिऱ्हाईक आहेतच. पण दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, तेल्हारा, अकोट, वरुड, धारणी इथल्या एका खोलीतल्या लॅबही आहेत, आणि मी लिहितोय ते त्यांच्यासाठी. माल जिथं बनतो तिथल्या कोणाच्या डोळ्यांसमोर ही खोली कधीच नसते. आमच्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक कटकट तिथून सुरू होते.

पत्त्याचं प्रकरण लवकर आटोपतो. २२ ऑक्टोबर २०१५ ला आंध्र प्रदेशाच्या नव्या राजधानीची पायाभरणी झाली, आणि तिचं नावही अमरावती. तेव्हापासून परदेशातल्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये अमरावती लिहिलं की पुढचा रकाना आपोआप आंध्र प्रदेशानं भरतो. आम्ही महाराष्ट्र लिहितो, ४४४६०१ हा पिन लिहितो, आमचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ नं सुरू होतो आणि आंध्रचा ३७ नं. तरी पार्सलवरच्या चिठ्ठीवर ५२२ नं सुरू होणारा पिन छापून येतो आणि बायोकेमिस्ट्री मशीनचा बोटाएवढा दिवा गुंटूरकडे निघून जातो. तेवढे दिवस वरुडची मशीन बंद. अकोल्याचं दुखणं देशातल्या देशात आहे: अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले नावाचा तालुका आहे, आणि घाईत चिठ्ठी चिकटवणाऱ्याला एका मात्रेचा फरक दिसत नाही. दिवा उशिरा आला तरी चालतो, तो नासत नाही. कंट्रोल मात्र मे महिन्यात अकोल्याऐवजी अकोल्यात, म्हणजे त्या दुसऱ्या गावात, जाऊन पडला तर तो परत मागवण्यात काही अर्थ राहत नाही.

थंडीचं प्रकरण असं लवकर आटोपण्यासारखं नाही.

सेल काउंटरचा कंट्रोल म्हणजे तीन लहान बाटल्या: लो, नॉर्मल, हाय. आत टिकाऊ केलेल्या रक्तपेशी असतात आणि त्यांचे आकडे आधीच मोजून ठरवलेले असतात. सकाळी पहिल्या पेशंटचं रक्त मशीनला लावण्याआधी हा कंट्रोल लावायचा. आकडे ठरलेल्या मर्यादेत आले तर मशीन खरं बोलतंय, नाही आले तर थांबायचं. या कंट्रोलचं आयुष्य कारखान्यातून निघाल्यापासून जेमतेम तीन-चार महिने, त्यातला मोठा भाग विमानात, कस्टममध्ये आणि भिवंडीत संपतो. एकदा उघडलेली बाटली साधारण दोन आठवडे चालते.

कारखान्यात हा माल फार चांगला बांधतात. जाड थर्माकोलची पेटी, थंड केलेले जेल पॅक, जेल पॅक आणि बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा, आणि कोपऱ्यात तापमान नोंदवणारं काड्यापेटीएवढं यंत्र. पुठ्ठा फार महत्त्वाचा. तो नसेल तर बाटली थेट जेलला टेकते आणि पेशी गोठून फुटतात. भारतात आल्यावर ही पेटी फोडतात, कारण त्यात अनेक गावांचा माल असतो. फोडणं भागच आहे. पण फोडताना यंत्र तिथंच काढून घेतात, आणि पुठ्ठा कचऱ्यात जातो. आमच्या वाट्याचे कंट्रोल मग एका पातळ पेटीत, वर-खाली एकेक जेल पॅक ठेवून, रात्रीच्या गाडीत चढतात. आधीचे काही तास बाटल्या गोठायच्या बेतात असतात आणि नंतरचे काही तास उकडत असतात. २ ते ८ अंशांच्या मध्ये त्या कधी असतात, हे सांगणारं यंत्र भिवंडीत राहिलेलं असतं.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. पेटी उघडली की आधी जेल पॅक अंगठ्यानं दाबून बघायचा. घट्ट असेल तर ठीक. पाण्यासारखा हलला तर एकेक बाटली उजेडासमोर धरायची. चांगल्या कंट्रोलमध्ये पेशी तळाशी बसलेल्या असतात आणि वरचं द्रव्य बऱ्यापैकी स्वच्छ असतं. बिघडलेल्यात वरचं द्रव्य गडद लाल होतं, तळ आणि वरचा भाग यांच्यातली रेघच दिसत नाही. अशी बाटली मी कोणाला देत नाही. तेवढ्यात मूर्तिजापूरहून फोन येतो, "काऊन भाऊ, कंट्रोल आजही नाही आला का? सकायपासून पेशंट बसून आहेत." मी काय सांगणार? कंट्रोल आलेला असतो, माझ्या हातातच असतो.

यात रस्त्याचा काही दोष नाही. अमरावती-अकोला हा रस्ता आता उत्तम आहे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या याच टप्प्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. आमच्या गोडाउनच्या फ्रीजला स्वतंत्र इन्व्हर्टर आहे, दोन तापमापक आहेत, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी आहेत. सगळीकडे पैसे आणि मेहनत घातलेली आहे, आणि माल बिघडतो तो पुठ्ठ्याच्या एका तुकड्यासाठी. हा तुकडा पेटीत परत ठेवायला काही खर्च येत नाही. तो तिथंच असतो, आताच काढलेला असतो.

माल बिघडला की तक्रारीचा फॉर्म भरायचा. फॉर्म परदेशातल्या मुख्य कार्यालयाचा आहे. माल हाती पडल्यापासून ४८ तासांत तक्रार गेली पाहिजे, फोटो जोडले पाहिजेत, लॉट नंबर लिहिला पाहिजे, आणि प्रवासातल्या तापमानाची नोंद जोडली पाहिजे. शेवटचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. यंत्र तुम्हीच काढून घेतलं, हे लिहायला त्यात जागा नाही. नोंद नसल्यामुळे तक्रार 'अपूर्ण' म्हणून परत येते. त्यावर खुलासा पाठवला की युरोपातून प्रश्न येतो की माल सूचनेप्रमाणे साठवला होता का. आपण उत्तर देतो. मग ते म्हणतात, नमुना परत पाठवा. तो मानवी रक्तापासून बनवलेला पदार्थ आहे, तो परदेशी पाठवायला वेगळी कागदपत्रं, वेगळं वेष्टन आणि बाटलीच्या किमतीपेक्षा जास्त भाडं लागतं. सात दिवसांत उत्तर गेलं नाही तर तक्रार आपोआप बंद होते. दिवाळीत आमची दुकानं बंद असतात, तेव्हाही हे सात दिवस मोजले जातात. त्यांच्या नाताळात आणि ऑगस्टच्या सुट्यांत आम्ही वाट बघतो. चिनी नववर्षात कारखानेच बंद असतात, तेव्हाही वाट बघतो. आमच्या सणांची यादी मी दर वर्षी जानेवारीत त्यांना पाठवतो.

दर वर्षी कागदपत्रांची तपासणीही होते, आणि ती व्हावी. लाचलुचपतीविरुद्धच्या परदेशी कायद्यांमुळे कंपन्यांना आपल्या विक्रेत्यांची माहिती ठेवावी लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्यांच्या पोर्टलवर प्रत्येक परवान्यापुढे मुदत संपण्याची तारीख भरणं सक्तीचं आहे. जीएसटी नोंदणीला मुदत नसते, प्रमाणपत्रावर तसं छापलेलं असतं. वैद्यकीय उपकरणं विकण्यासाठी लागणारी एमडी-४२ ही नोंदणी रद्द होईपर्यंत चालू राहते, दर पाच वर्षांनी शुल्क भरायचं असतं. रकाना रिकामा ठेवला तर पोर्टल पुढे जाऊ देत नाही. लांबची काहीतरी तारीख टाका, असं फोनवर सांगतात. सरकारी प्रमाणपत्रावर नसलेली तारीख मी माझ्या सहीखाली लिहायची, आणि तीही प्रामाणिकपणाच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये! मी लिहीत नाही. मग आमचं खातं काही दिवस बंद होतं आणि त्या दिवसांत आलेल्या ऑर्डरी अडकतात.

पैशाचं एवढंच सांगतो. सुट्या भागांचे पैसे डॉलरमध्ये बँकेतून पाठवतो. मधली कुठलीतरी परदेशी बँक आपला आकार कापून घेते आणि पुरवठादाराला पंधरा-वीस डॉलर कमी मिळतात. बँकेच्या अर्जात सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, अशी खूण करण्याची सोय आहे. मी ती खूण करून देतो. अर्ज पुढे जिथं संगणकात चढतो तिथं ती गळते, आणि पंधरा डॉलरसाठी हजार डॉलरचा माल अडून राहतो. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या पुढे गेला. मालाची वर्षाची किंमत तिकडे डॉलर-युरोत ठरते. इकडे एमआरपी वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही आणि तो नियम पेशंटच्या हिताचा आहे. मधलं अंतर विक्रेत्याच्या खिशातून जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तपासणी किट आणि रिएजंटवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, याचा आम्हाला खरोखर आनंद झाला. त्या दिवसांत काही खोक्यांवर नव्या किमतीचं आणखी एक स्टिकर आलं. ते कुठं लावलं होतं हे सांगायला नको.

आता पाण्याबद्दल. ही तक्रार मी जिथं संधी मिळेल तिथं मांडतो, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही.

मोठी बायोकेमिस्ट्री मशीन बसवण्याआधी कंपनी एक फॉर्म देते. खोलीचं तापमान १५ ते ३० अंश, विजेचा दाब अमुक, आर्द्रता तमुक, आणि मशीनला येणारं पाणी शुद्ध केलेलं. पाण्यापुढे प्रश्न एकच: नळजोडणी आहे का, हो किंवा नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला जो खारपाणपट्टा आहे, तिथं जमिनीखालचं पाणी खारट आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. नळयोजनेचं पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून लॅबवाले बोअरचं पाणी आरओला लावतात. कंपनीनं मशीनबरोबर दिलेल्या आरओचा पडदा या पाण्यानं काही महिन्यांत चोंदतो. पडदा कमी काम करायला लागला की पाण्यातले क्षार मशीनमध्ये उतरतात, आधी कॅल्शियमचे आकडे हलायला लागतात, मग क्युव्हेटवर पांढरट थर दिसतो. नागपूरहून इंजिनिअर येतो. तो चांगला मुलगा आहे, त्याला सगळं समजतं. पण त्याच्या अहवालात लिहावं लागतं की पाणी ठरलेल्या प्रतीचं नाही, त्यामुळे दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही.

पाणी ठरलेल्या प्रतीचं नाही हे खरंच आहे. ते कित्येक पिढ्यांपासून नाही. याच पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी फार जुन्या आहेत. म्हणजे ज्या गावांच्या माणसांना क्रिएटिनिनची तपासणी घराजवळ हवी, त्याच गावांत क्रिएटिनिन मोजणारी मशीन चालत नाही, आणि दोन्हींचं कारण एकच असावं असं तिथल्या लोकांचं म्हणणं आहे. पेशंट बसनं अकोल्याला जातो, अर्धा दिवस मोडतो, मजुरी बुडते, रिपोर्ट आणायला पुन्हा जातो. पाणी न लागणारी, स्लाइडवर चालणारी ड्राय केमिस्ट्रीची मशीन जगात आहेत, पण एका तपासणीचा खर्च इतका येतो की तेल्हाऱ्यात तो दर कोणी देऊ शकत नाही. माझी मागणी याहून लहान आहे. फॉर्ममध्ये पाण्याच्या क्षारांचा एक रकाना वाढवा. तो भरला की त्या लॅबला पहिल्या दिवसापासून मोठा आरओ आणि जास्तीचा पडदा द्या, त्याचे पैसे आधीच करारात धरा. लॅबवाला हो म्हणेल, मी स्वतः त्यांच्याशी बोललो आहे. रकाना अजून वाढलेला नाही.

अंदाजपत्रकाचंही तसंच. पुढच्या बारा महिन्यांत कुठल्या महिन्यात किती किट लागतील, हे जानेवारीत लिहून द्यायचं असतं, कारण परदेशातून माल यायला दोन-तीन महिने लागतात. डेंग्यूच्या एलायझा किटचा अंदाज पावसावर असतो. मृगात पाऊस आला, मध्ये उघडीप पडली, घराघरांत पाणी साठवलं, की श्रावणापासून ताप वाढतो. पाऊस लांबला तर सगळं पुढे सरकतं. हे जानेवारीत कुठला शेतकरी सांगू शकत नाही, मी कुठून सांगणार? कमी लिहिलं तर साथीत किट नाहीत, जास्त लिहिलं तर उरलेली किट मुदत संपून माझ्या फ्रीजमध्ये पडतात आणि परत घेण्याची तरतूद नसते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे वर्षाहून जास्त आयुष्याचा माल आयात होताना त्याचं किमान साठ टक्के आयुष्य शिल्लक लागतं. तो नियम बंदरावर पाळला जातो. बंदरापासून माझ्यापर्यंत माल किती दिवसांत यावा, याचा कुठं नियम नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये हे सगळं एकदम अंगावर आलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात अमरावती-अकोल्याला फार आधी लागली. मुंबई-पुण्यात अजून टाळेबंदी नव्हती तेव्हा अमरावतीत ती पुन्हा लागली होती. डी-डायमर, फेरिटिन, सीआरपीच्या रिएजंटसाठी रात्री उशिरापर्यंत फोन वाजत होते. माल कमी होता, म्हणून पुरवठादारांनी वाटप ठरवलं, आणि वाटपाचा आधार धरला मागच्या वर्षीची खरेदी. मागच्या वर्षी आमच्या दोन जिल्ह्यांत डी-डायमरची तपासणी फारशी होतच नव्हती. साथ आमच्याकडे आणि रिएजंट मोठ्या शहरांकडे, असे काही आठवडे गेले. त्या दिवसांत ज्या डॉक्टरांना मी नाही म्हणालो त्यांची नावं मला पाठ आहेत. संकटाच्या वेळच्या वाटपात चालू रुग्णसंख्या धरावी, असं मी तेव्हाच लेखी दिलं होतं आणि दर वर्षी करार करताना पुन्हा देतो.

शेवटची गोष्ट पॅकच्या आकाराची, आणि माझ्या मते सगळ्यांत जड तीच आहे.

हार्मोन आणि फेरिटिनसारख्या तपासण्या करणारी मशीन बहुतेक बंदिस्त असतात. ज्या कंपनीची मशीन, तिचंच रिएजंट, खोक्यावरच्या कोडशिवाय मशीन ते घेतच नाही. मशीन बऱ्याचदा फुकट बसवतात आणि त्या बदल्यात दर महिन्याला ठरावीक रिएजंट घ्यायचं असतं. १०० टेस्टचा पॅक एकदा मशीनमध्ये चढवला की साधारण चार आठवडे चालतो. त्यानंतर मशीन स्वतःच तो नाकारतं, आत द्रव्य शिल्लक असलं तरी. पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये १०० टेस्ट एका दुपारी संपतात. अंजनगावच्या एका डॉक्टर मॅडमकडे महिन्याला पंधरा-वीस फेरिटिन होतात. कॅलिब्रेशन आणि कंट्रोलला काही टेस्ट जातात. उरलेला अर्ध्याहून जास्त पॅक मॅडम दर महिन्याला फेकतात, किंवा फेरिटिन करणं बंद करतात. त्यांनी बंद केलं.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. मेळघाटातून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून ज्या गरोदर बाया येतात, त्यांचं हिमोग्लोबिन आठ-नऊ असतं. ते लोहाच्या कमतरतेनं आहे की सिकलसेलसारख्या दुसऱ्या कारणानं, हे कळलं तर औषध नीट देता येतं. आमच्या भागात सिकलसेल आहे, त्यासाठी १ जुलै २०२३ पासून देशभराची मोहीम सुरू आहे. म्हणून फेरिटिनची तपासणी अंजनगावला, परतवाड्याला, धारणीला व्हायला हवी. तिचं मशीन अंजनगावला आहे, चालवणारी माणसं आहेत, बाई समोर बसलेली आहे. नमुना मात्र अमरावतीला पाठवावा लागतो आणि रिपोर्ट येईपर्यंत बाई गावी परत गेलेली असते.

पूर्वी त्या मशीनच्या कंपनीचा ५० टेस्टचा पॅक होता. युरोपात तपासणी साहित्यासाठी नवा कायदा २६ मे २०२२ पासून लागू झाला. त्यात प्रत्येक उत्पादनाची कागदपत्रं आणि तपासण्या नव्यानं कराव्या लागतात, म्हणून अनेक कंपन्यांनी कमी खपाचे पॅक बंद केले. आमचाही बंद झाला. कायदा चांगला आहे, त्याबद्दल मी बोलत नाही. लहान पॅक परत सुरू करा असं मी लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की या भागातून लहान पॅकला पुरेशी मागणी नाही, सोबत आकडे पाहा. आकडे माझेच होते. लहान पॅक चालू होता तेव्हा तो निम्मे महिने 'उपलब्ध नाही' असायचा, आणि जे उपलब्ध नव्हतं त्याची विक्री शून्य मांडलेली होती. ज्या ऑर्डरी मी दिल्या आणि त्यांनी पुरवल्या नाहीत, त्यांचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

त्या सगळ्या ऑर्डरी मी तारखेसह काढून त्यांना पाठवल्या आहेत. अमरावती, अकोला आणि शेजारच्या यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याच्या विक्रेत्यांशीही बोललो, त्यांचे आकडे मागवले, ते जोडले. पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की ५० जमत नसेल तर २५ चा पॅक काढा, दर टेस्टमागे जास्त किंमत लावा, मॅडमना ती परवडते कारण फेकायला काही उरणार नाही. स्टिकर कोऱ्या बाजूला लावा, पेटीत पुठ्ठा राहू द्या. वर्षभराची ऑर्डर आणि आगाऊ रक्कम मी आज द्यायला तयार आहे, बँकेचा आकारही माझ्याकडे.